भिंतीकडे तोंड केलेली टीचर

पापडी गावात पॉलिन टीचरला ओळखत नाही असं घर शोधून सापडायचं नाही, आणि ही ओळख वाढवण्यात टीचरचा स्वतःचा वाटा मोठा होता. शुक्रवारच्या बाजारात सुकी मासळी घेताना, मिस्सा संपवून चर्चच्या पायऱ्या उतरताना, अगदी मयताच्या घरी बसलेली असतानासुद्धा थोडा वेळ गेला की ती हळूच विषय काढायची. "आमच्याकडे ना, मुलाला बोल बोल म्हणून मागे लागत नाहीत. आपण थांबायचं. मग मूल आपोआप बोलतं." ऐकणारा जांभया द्यायला लागला तरी ती थांबत नसे.

तिची शाळा म्हणजे एका जुन्या बैठ्या घरात भरणारा लहान मुलांचा विशेष वर्ग. कोणाला बोलता येत नाही, कोणाचे पाय साथ देत नाहीत, कोणी आपल्याच तंद्रीत गोल गोल फिरत असतं. पॉलिन तिथली वर्गशिक्षिका. शिवाय विशेष शिक्षणाचा कोर्स करणाऱ्या मुली दरवर्षी तिच्या वर्गावर सरावाला येत, त्यांचीही ती मार्गदर्शक. नवी मुलगी आली की पहिल्या दिवशी पॉलिन तिला समोर बसवून एकच गोष्ट सांगायची. "प्रश्न एकदाच विचारायचा. मग हात मांडीवर, तोंड बंद, नजर मुलावर. तो गप्प बसला तर बसू दे. वाईट वाटलं तर वाटू दे. आपण मध्ये बोललो की त्याची पाळी गेली."

आणि हे सांगून झाल्यावर, कोणी विचारलं नसलं तरी, ती वर जोडायची, "माझ्या हाताखालची एक मुलगी अजून नापास झालेली नाही."

त्या वर्षी उन्नती आली. विरारला फुलपाड्यात राहणारी, बारीक, सतत ओढणी सारखी करणारी. मागच्या वर्षी दुसऱ्या एका शाळेत सराव करून शेवटच्या परीक्षेत ती नापास झाली होती. परीक्षकांसमोर घाबरून तिने मुलाला एकच प्रश्न इतक्या वेळा विचारला की ते मूल टेबलाखाली जाऊन बसलं. कॉलेजने आणखी एक संधी दिली होती, शेवटची.

"ह्या वेळी नाही झालं ना मॅडम, तर पप्पा बोलले, बस झालं तुझं," उन्नतीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "मामाचं साड्यांचं दुकान आहे स्टेशनजवळ. काउंटरवर बसायचं. मला नाही बसायचं मॅडम. मला हेच करायचंय."

"अगं, मी आहे ना," पॉलिन म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडात इतकं बसलेलं होतं की त्याचा अर्थ काय होतो, इकडे तिने कधी लक्षच दिलं नव्हतं.

उन्नतीच्या वाट्याला सोनू आला. खाडीकडच्या गावातला, पाच वर्षांचा, गोलमटोल, मोठ्या पापण्यांचा. ऐकू चांगलं येई, समजेही सगळं, पण तोंडातून शब्द फुटत नसे. काही हवं असलं की समोरच्याचा हात धरायचा आणि त्या वस्तूपाशी ओढत न्यायचं. त्याची आई संजना म्हणायची, "घरी पानी पायजे तर माझा हात घेऊन माठात बुडवतो. बोलायचं कायच नाय."

त्याला एक शब्द तरी स्वतःहून मागायला शिकवायचं, असं उन्नतीच्या परीक्षेसाठी ठरलं. पॉलिनच्या नवऱ्याची, क्लेमेंटची, केळीची वाडी होती. राजेळी केळी उन्हात सुकवून तो घरीच सुकेळी करायचा. त्यातल्या एका सुकेळ्याचे तुकडे पॉलिनने घट्ट झाकणाच्या पारदर्शक बरणीत भरून आणले. सोनूला बरणीतलं दिसणार, झाकण मात्र त्याच्याने निघणार नाही. मग त्याने "उघड" म्हणायचं.

पहिले काही दिवस काहीच घडलं नाही. मग एका सकाळी उन्नतीने विचारलं, "सोनू, काय करू?" आणि हात मांडीवर ठेवून थांबली. सोनूने मान वर केली, जरा वेळ टक लावून बघितलं आणि म्हणाला, "उघड."

उन्नती रडलीच. पॉलिनने वरवर तिला शांत केलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. संध्याकाळी संजना न्यायला आली तर तिला वर्गाच्या दारातच सांगितलं, शाळेच्या रिक्षावाल्याला सांगितलं, रविवारी मिस्सा झाल्यावर तर फादरनाही सोडलं नाही.

त्यानंतर सोनू रोज बोलू लागला. फक्त एकदा निर्मळला पॉलिनच्या चुलतबहिणीची सासू वारली म्हणून ती दोन दिवस शाळेत गेली नाही, आणि परत आली तर उन्नतीचा चेहरा उतरलेला.

"मॅडम, तुम्ही नव्हता तर काहीच नाही बोलला तो. शब्द नाही. नुसता खिडकीकडे बघत बसला."

"तू घाई केली असशील."

"नाही ओ मॅडम. थांबली मी."

"उन्नती, थांबणं म्हणजे नुसतं गप्प बसणं नसतं. मुलाला धीर वाटला पाहिजे," पॉलिनने सुनावलं. आत कुठेतरी तिला थोडं बरंही वाटलं. आपण नसलो की वर्ग चालत नाही, हे ऐकायला कोणाला वाईट वाटतं?

पुढच्या आठवड्यात कॉलेजने सरावाची एक चित्रफीत मागवली. उन्नतीने मोबाइल कोपऱ्यातल्या फळीवर उभा केला आणि सोनूबरोबरचा सगळा वेळ टिपून घेतला. सोनू दोनदा बोलला. पॉलिनने ती चित्रफीत स्वतःच्या फोनवर मागून घेतली आणि रात्रीच्या जेवणाआधी क्लेमेंटसमोर धरली.

"हे बघ. मूल कसं बोलतं बघ."

क्लेमेंटने चष्मा लावला. थोडा वेळ बघितलं. मग फोन तिच्या हातातून काढून घेतला आणि डोळ्यांजवळ नेला.

"ही पुढे बसलीय ती उन्नती ना?"

"हो."

"आणि तिच्या पाठीमागे खिडकीत कोण?"

"मी. दुसरं कोण? मला मुलांचे चेहरे दिसले पाहिजेत म्हणून मी नेहमी तिच्या मागेच बसते."

"मग शिकवतंय कोण?"

"उन्नती!"

क्लेमेंटने चित्रफीत मागे नेली आणि पुन्हा लावली. उन्नती विचारत होती, सोनू, काय करू? विचारून ती शहाण्या मुलीसारखी गप्प बसली होती. आणि तिच्या खांद्यामागे, खिडकीच्या उजेडात, पॉलिन टीचर कामाला लागली होती. भुवया कपाळात गेल्या होत्या. हनुवटी पुढे आली होती. दोन्ही हात हवेत न दिसणारं झाकण फिरवत होते, आणि ओठ आधी गोल झाले, मग पसरले, मग मोठे उघडले. त्यातून आवाज तेवढा निघत नव्हता. सोनूची नजर उन्नतीच्या डोक्यावरून थेट ह्या खेळाकडे लागलेली. ओठ बघून झाले आणि तो म्हणाला, "उघड."

क्लेमेंट इतका हसला की त्याला ठसका लागला. पाण्याचा पेला पॉलिननेच आणून दिला.

"अगं, उन्नतीच्या हातात नुसती बरणी आहे!" तो खोकत म्हणाला. "नाटकात मागे बसून आठवण करून देतात तसलं चाललंय तुझं."

"मला कळलंच नाही मी असं करते."

"मला माहीत आहे की. रोजरी म्हणताना माझी ओळसुद्धा तूच म्हणतेस. मी तुझ्या मागून येतो."

पॉलिनने ती चित्रफीत त्या रात्री इतक्या वेळा बघितली की शेवटी फोनची बॅटरी संपली. प्रत्येक वेळी वाटायचं, ह्या वेळी तरी ती बाई गप्प बसेल. ती बसत नव्हती. मग डोक्यात दुसरंच सुरू झालं. आजवर आपल्या हाताखाली पास झालेल्या सगळ्या मुली. त्यांच्या परीक्षेला आपण कुठे बसलो होतो? मागे, खिडकीत. त्यांतल्या एकीला तर परीक्षकांनी विशेष शाबासकी दिली होती. ती शाबासकी आता कोणाच्या नावावर जमा करायची, हे ठरवताना पॉलिनला झोप लागली नाही.

नुकताच राखेचा बुधवार होऊन चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला होता. त्या काळात पॉलिन दरवर्षी मटण आणि गोड सोडायची. सकाळी चहा देताना क्लेमेंटने विचारलं, "ह्या वर्षी काय सोडलंयस?"

"नेहमीचंच."

"मटण खा. तोंड हलवायचं सोड. देवाला जास्त आवडेल."

तो चेष्टेत बोलला होता, पण पॉलिनने ते मनावर घेतलं. आपण काय सोडलंय ते चारचौघांत सांगू नये अशी रीत आहे, म्हणून तिने कोणाला सांगितलं नाही. क्लेमेंटने मात्र संध्याकाळच्या आत सगळ्या आळीला सांगून टाकलं.

खरं अवघड काम पुढेच होतं. पॉलिनने उन्नतीला वर्ग सुटल्यावर बसवलं आणि चित्रफितीतला तो तुकडा दाखवला. उन्नती आधी हसली. मग हसायची थांबली.

"म्हणजे मॅडम, तो माझ्याशी बोलतच नव्हता?"

"नाही."

"मी आईला सांगितलं. तिने सगळ्या बिल्डिंगमध्ये सांगितलं. पप्पांनी मला मिठाई आणली." तिचा आवाज चढला. "आणि निर्मळवरून आल्यावर तुम्ही मलाच ओरडलात. घाई केली असशील बोललात."

"चूक माझी होती. तू नीटच थांबत होतीस. मला थांबता येत नाही."

"परीक्षेला महिनाच राहिलाय मॅडम! मग बाहेर बसा ना तुम्ही."

"मार्गदर्शकाने वर्गात हजर राहायचं असा कॉलेजचा नियम आहे. परीक्षेलासुद्धा."

"मग तिकडे तोंड करून बसा!" उन्नतीने भिंतीकडे बोट दाखवलं, आणि लगेच तिची जीभ दाताखाली गेली. "सॉरी मॅडम. सॉरी. तसं नव्हतं म्हणायचं."

पॉलिनने भिंतीकडे बघितलं. "अगं, बरोबर आहे तुझं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून पॉलिन टीचरची खुर्ची भिंतीकडे वळली. नाकासमोर फळांचा तक्ता होता. त्यातली पपई रंग उडून भोपळ्यासारखी दिसायला लागली होती. एवढ्या वर्षांत हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

सोनूला हा बदल मुळीच पटला नाही. उन्नतीने विचारलं, त्याने खिडकीत बघितलं, खिडकी रिकामी. मग तो सरळ उठला आणि भिंतीपाशी येऊन पॉलिनच्या पुढ्यात उभा राहिला. तिने डोळे मिटले. त्याने बोटाने तिची एक पापणी उचलली. तिने ओठ घट्ट आवळले. त्याने ते दोन बोटांनी उघडायचा प्रयत्न केला. हे सगळं विसरायला म्हणून तिने मनातल्या मनात 'नमो मरिये' म्हणायला सुरुवात केली, तर ओठ आपोआप हलू लागले आणि सोनू आशेने त्यांच्याकडे बघत बसला. शेवटी तिला प्रार्थनाही थांबवावी लागली. मरियामाता समजून घेईल, सोनूला समजावून सांगायची सोय नव्हती.

"सोनू, इकडे ये बाळा," मागून उन्नतीचा आवाज. एकदाच. मग शांतता. पॉलिनला त्या शांततेत आपल्याच पोटातला गुरगुराट ऐकू येत होता.

त्या आठवड्यात सोनू एक शब्द बोलला नाही. शनिवारी संजना न्यायला आली आणि भिंतीकडे तोंड करून बसलेल्या टीचरला बघून दारातच थबकली.

"टीचर, तुमाला कोनी शिक्षा केली काय?"

"मीच करून घेतलीय."

"ते ऱ्हाऊ दे. पन सोनू बोलायचा बंद कशाला झाला? त्या पोरीला शिकवता येत नसंल तर तुमी शिकवा ना. माझ्या पोराची वाट नका लावू."

उन्नती बरणी पुसत होती. तिने मान वर केली नाही. पॉलिनच्या जिभेवर तयार वाक्यं होती. मी बघते, मी करते, काळजी करू नका. पण ती म्हणाली, "संजना, तो आधी मला बघून बोलत होता. आता त्याचा तो बोलेल. उन्नतीच बोलतं करेल त्याला." खरं सांगायचं तर तिचा स्वतःचा त्यावर पुरता विश्वास नव्हता. देवाकडे तिने रोज तेच मागितलं. देव काही लगेच बोलला नाही. थांबायचं कसं ते त्यालाच नीट जमतं, असा एक विचार तिच्या मनात आला, आणि आपण देवालाही गुण द्यायला लागलो म्हणून ती लाजली.

हळूहळू सोनू भिंतीपाशी यायचा बंद झाला. एकदा त्याने बरणी जमिनीवर आपटली. एकदा रडला. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याने बरणी उचलून उन्नतीच्या मांडीवर ठेवली आणि पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघितलं. हे पॉलिनने पाहिलं नाही, उन्नतीने नंतर सांगितलं. शब्द मात्र नव्हता.

उपवासकाळाच्या शेवटी, झावळ्यांच्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी परीक्षा होती. परीक्षक रोनाल्ड सर पांढऱ्या केसांचे, पोट सुटलेले, हसरे गृहस्थ होते. त्यांनी भिंतीकडे वळलेली खुर्ची बघितली.

"मॅडम, मान दुखते का?"

"नाही सर. मी अशीच बसते. ही माझी पद्धत आहे."

"अच्छा," सर म्हणाले आणि त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं. ते आपल्याविषयीच, हे पॉलिनने त्या 'अच्छा'वरून ओळखलं.

उन्नतीने चटई टाकली. सोनू बसला. बरणी ठेवल्याचा आवाज आला.

"सोनू, काय करू?"

मग काहीच ऐकू आलं नाही. पॉलिन पपईकडे बघत होती. पाठीला डोळे असते तर आपण आजवर केलं त्याहून जास्त नुकसान केलं असतं, असं तिला वाटलं. बाहेर मोटरसायकल गेली. कुणाचं तरी कुत्रं भुंकलं. बरणी चटईवरून घासल्यासारखा आवाज आला, सोनू झाकणाशी झटत होता. मग हुंदक्यासारखं काहीतरी. पॉलिनने खुर्चीच्या कडा धरल्या. मागे वळून फक्त एकदा "उ" म्हणायचं, नुसते ओठ गोल करायचे, त्याने काय बिघडणार होतं? पोरगी पास झाली असती. पप्पांनी पुन्हा मिठाई आणली असती. संजना खूश झाली असती. परीक्षकांना कळलंसुद्धा नसतं, इतकी वर्षं कोणाला कळलं होतं?

तिने डोळे मिटले आणि मान हलू नये म्हणून कपाळ सरळ तक्त्याला टेकवलं.

तेवढ्यात दुसरी एक खुर्ची करकरली.

"अरे बाळा, दे इकडे," रोनाल्ड सरांचा मायेचा आवाज आला. "मी काढून देतो. केवढा घट्ट—"

"सर, थांबा."

उन्नतीचाच आवाज होता. ओढणी सारखी करणाऱ्या, मूल टेबलाखाली जाईपर्यंत पुन्हा पुन्हा प्रश्न विचारणाऱ्या पोरीचा.

"सॉरी सर. पण थांबा. त्याची पाळी आहे."

आता गेलीच ही, पॉलिनला वाटलं. परीक्षकालाच गप्प केलं म्हणजे साड्यांच्या काउंटरवरच गेली. खुर्ची पुन्हा करकरली, सर बसले. आणि मग, बऱ्याच वेळाने, एक जाडसर, ओला आवाज आला.

"ताई."

कोणी काही केलं नाही.

"ताई, उघड."

झाकण फट्कन उघडलं. 'ताई' हा शब्द कोणी शिकवला नव्हता. पॉलिनने तर तो कधी ओठांनीसुद्धा म्हटला नव्हता, खिडकीत बसून त्याला ताईची आठवण करून द्यायचं तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. ती तशीच कपाळ टेकवून बसून राहिली. डोळे उघडले तर समोरची पपई पार पुसट झाली होती.

सगळं संपल्यावर रोनाल्ड सर हात पुसत उभे राहिले. सोनूने त्यांनाही एक तुकडा दिला होता.

"निकाल कॉलेज कळवेल," ते म्हणाले. "मला सांगायची परवानगी नाही. पण एवढी वर्षं परीक्षा घेतोय, मला गप्प बसवणारी ही पहिलीच." मग उन्नतीकडे बघून हसले. "आता शांत झोप मुली. आज नीट थांबलीस." जाता जाता ते पॉलिनच्या खुर्चीपाशी रेंगाळले. "मॅडम, तुमची पद्धत चांगली आहे. मलाही जमायला पाहिजे."

"अवघड आहे सर," पॉलिन म्हणाली, आणि ह्या वेळी त्यात मोठेपणा नव्हता.

उन्नती ओसरीवर जाऊन फोनवर ओरडत होती, "आई, तो मला ताई बोलला! मला! पप्पांना दे ना!" आतमध्ये सोनू रिकामी चटई ओलांडत फिरत होता. बरणीचं झाकण कोणीतरी पुन्हा घट्ट लावून ठेवलं होतं. त्याने ती उचलली आणि पॉलिनच्या दिशेने निघाला.

पॉलिनने खुर्ची वळवली. आता परीक्षा नव्हती, नियम नव्हता. तिने दोन्ही हात पुढे केले.

"आण राजा. मी उघडते."

सोनूने तिच्या तोंडाकडे बघितलं. क्षणभरच. मग तिच्या गुडघ्याला वळसा घालून तो दाराकडे गेला आणि उन्नतीची ओढणी ओढत उभा राहिला. फोन संपायची त्याला घाई नव्हती. तो थांबला होता.

पॉलिनचे हात तसेच पुढे राहिले. थोडं लागलं तिला, खोटं कशाला बोला. मग तिने ते हात खाली घेतले आणि चटई गुंडाळायला घेतली.